पाच चषक जिंकणारा क्लब संपला कसा? (वॉन्डरर्स, लंडन)

जुनी कात्रणं

एफए चषक, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची (एफए) स्पर्धा. तो सलग तीन वर्षं जिंकणारे क्लब आजवर दोनच झाले. एक ब्लॅकबर्न रोव्हर्स, १८८४ ते ८६. तो अजून आहे, पडतझडत का होईना खेळतोय. दुसरा वॉन्डरर्स, १८७६ ते ७८. त्याआधी १८७२ आणि ७३ चे चषकही यांचेच, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या सात वर्षांत पाच. आणि शेवटच्या विजयाला तीन वर्षं होत नाहीत तोवर या क्लबाला सामन्यासाठी अकरा माणसं जमवता येईनात. हरून हरून क्लब बुडतात हे आपण नेहमी बघतो. हा ऐन भरात असताना बुडाला, म्हणून त्याच्यावर हा धागा.

सुरुवात लेटनस्टोनला. लंडनच्या ईशान्येला एपिंगचं जंगल आहे, त्याच्या कडेचं हे गाव. हॅरो शाळेतून बाहेर पडलेल्या काही पोरांनी १८५९ मध्ये इथे 'फॉरेस्ट फुटबॉल क्लब' काढला. पुढाकार आल्कॉक भावांचा, थोरला जॉन आणि धाकटा चार्ल्स. वडील जहाजमालक, घरात कशाची ददात नाही, आणि शाळेत लागलेली चेंडूची चटक काही सुटत नव्हती. स्नेर्सब्रूकला खलाशांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम होता, त्याच्या शेजारच्या जागेत खेळायचे. त्यांचा पहिला नोंदलेला सामना १५ मार्च १८६२ चा, समोर क्रिस्टल पॅलेस, एकेका बाजूला पंधरा जण, निकाल १-० फॉरेस्टच्या बाजूने.

२६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये बैठक भरून फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. तिथे फॉरेस्टतर्फे जॉन आल्कॉक हजर होता. पुढच्या बैठकांत जे वाजलं ते प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ घालायची मुभा असावी की नाही यावरून. ब्लॅकहीथवाल्यांचं म्हणणं असं की लाथ काढली तर खेळात राम उरत नाही. बहुमत विरोधात गेलं तसे ते उठून गेले, आणि पुढे रग्बीच्या संघटनेचे संस्थापक झाले.

१८६४ मध्ये चार्ल्स आल्कॉकने वॉन्डरर्स हे नाव पुढे आणलं आणि फॉरेस्ट मागे पडला. या नव्या क्लबाला स्वतःचं मैदानच नव्हतं. आज बॅटरसी पार्क, उद्या ओव्हल, नाहीतर सरळ समोरच्याच्या दारात. सभासद सगळे बड्या शाळांतून नि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेले. पोशाख नारिंगी, जांभळा आणि काळा, म्हणजे धुक्यातही चुकायचा नाही. कागदावर नावं भारीभारी, पण सामन्याच्या दिवशी किती जण उगवतील याचा नेम नसे. कमी माणसांनिशी खेळायला उतरणं ही त्यांची ख्यातीच होती.

आल्कॉक १८७० मध्ये असोसिएशनचा सचिव झाला. वय अवघं सत्तावीस. २० जुलै १८७१ ला 'स्पोर्ट्समन' या वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याने ठराव मांडला की असोसिएशनच्या सगळ्या क्लबांसाठी एक आव्हान चषक ठेवावा. हरला तो बाहेर ही कल्पना त्याने हॅरो शाळेतल्या आंतरगृह सामन्यांतून उचलली होती. वीस पौंडांत चांदीचा छोटासा चषक घडवून घेतला. पहिल्या वर्षी नावं आली पंधरा.

आता ही पहिली स्पर्धा वॉन्डरर्सनी कशी जिंकली ते नीट बघा, कारण यात मजा आहे. पहिल्या फेरीत समोर हॅरो चेकर्स, त्यांनी माघार घेतली. दुसऱ्या फेरीत क्लॅपहॅम रोव्हर्सना ३-१ हरवलं. तिसऱ्या फेरीत क्रिस्टल पॅलेसशी ०-० बरोबरी, आणि नियमाच्या आधाराने दोघेही पुढे! उपांत्य फेरीत ग्लासगोचे क्वीन्स पार्क. ते लोकवर्गणी काढून आगगाडीने लंडनला आले, ०-० असे झुंजले, पण पुन्हा सामना खेळायला थांबायचं तर राहण्याखाण्याचे पैसे कुठून आणणार? बिचारे परत गेले. थोडक्यात, वॉन्डरर्स एकच सामना जिंकून अंतिम फेरीत.

अंतिम सामना १६ मार्च १८७२, केनिंग्टन ओव्हल, तिकीट एक शिलिंग, दोनेक हजार माणसं. समोर लष्कराचे रॉयल इंजिनियर्स, ज्यांना सगळे जण जिंकणार म्हणून धरून चालले होते. त्या काळी बाकीचे एकेकटे चेंडू घेऊन घुसायचे तेव्हा हे एकमेकांना पास देऊन खेळत. नाणेफेक आल्कॉकने जिंकली आणि ऊन-वारा इंजिनियर्सच्या तोंडावर येईल अशी बाजू घेतली. दहाएक मिनिटांत इंजिनियर्सच्या लेफ्टनंट क्रेसवेलचं गळपट्टीचं हाड मोडलं. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. गडी मैदान सोडायला तयार नाही, तसाच कडेला उभा राहून शेवटपर्यंत खेळला. मग पंधराव्या मिनिटाच्या सुमारास वॉन्डरर्सच्या व्हिडालने चेंडू काढत काढत आत आणला आणि ए. एच. चेकर नावाच्या माणसाने गोल मारला.

या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. तो होता मॉर्टन पेटो बेट्स. चेकर म्हणजे हॅरो चेकर्सचा गडी अशी ती खूण, पहिल्या फेरीत वॉन्डरर्ससमोर न आलेला तोच क्लब! एफए चषकाच्या अंतिम सामन्यातला पहिला गोल टोपणनावाने लागलेला आहे.

१८७३ चं तर विचारूच नका. चषक 'आव्हानाचा' म्हणून गतविजेता थेट अंतिम फेरीत, वर जागाही त्यानेच निवडायची. मैदान नसलेल्या क्लबाला जागा निवडायचा मान! त्यांनी लिली ब्रिज धरलं. सामना सकाळी ठेवला, का तर त्याच दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यत होती आणि ती कुणालाच चुकवायची नव्हती. ऑक्सफर्डला २-० हरवलं, गोल किनेअर्ड आणि वोलास्टनचे. मग दोन वर्षं दुसऱ्यांची गेली, आणि १८७६ (ओल्ड इटोनियन्स, म्हणजे इटन शाळेचे माजी विद्यार्थी, फेरसामन्यात ३-०), १८७७ (ऑक्सफर्ड, जादा वेळेत २-१), १८७८ (रॉयल इंजिनियर्स, ३-१) अशी हॅट्ट्रिक.

सलग तीनदा जिंकला की चषक कायमचा घरी, असा नियम होता. वॉन्डरर्सनी तो असोसिएशनला परत दिला. अट एकच घातली, यापुढे कुणालाही तो कायमचा मिळू नये. आणि इथून उतरण लागली. ती कशी, ते प्रतिसादांत बोलू. एवढं एकदम टंकून हात दुखला.

---

गवती चहा

रुमाल टाकून ठेवते. रात्री निवांत वाचेन. क्वीन्स पार्कवाल्यांचं वाईट वाटलं.

---

रिकामटेकडा

लेख झकास, पण एक काडी टाकतो, हलके घ्या. बापजाद्यांच्या पैशावर रिकाम्या वेळात चेंडू बडवणाऱ्या साहेबांचं कौतुक मराठी माणसाने का करावं? त्याच वेळी इकडे त्यांचेच भाऊबंद सारा वसूल करत होते.

---

जुनी कात्रणं

@रिकामटेकडा, काडी पोचली. कौतुक कुणी केलंय? पण भाऊबंदांचं म्हणाल तर नुसते भाऊबंद नाहीत, हीच मंडळी इकडची.

१८७३ च्या विजेत्या संघात विल्यम केनियन-स्लेनी म्हणून एक जण होता. जन्म राजकोटचा, १८४७. बाप मुंबई इलाख्याच्या घोडदळात कॅप्टन. ८ मार्च १८७३ ला ओव्हलवर इंग्लंडने स्कॉटलंडला ४-२ हरवलं, त्यातला पहिला गोल याचा. त्याआधी नोव्हेंबरात ग्लासगोला झालेला पहिला आंतरराष्ट्रीय सामना ०-० सुटला होता. म्हणजे आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला पहिलावहिला गोल या राजकोटी गड्याचा. आणि त्याच दिवशी स्कॉटलंडचा पहिला गोल ज्याने मारला तो रॉयल इंजिनियर्सचा रेनी-टेल्यूर जन्मला मसुरीला. दोन्ही देशांचं खातं हिंदुस्थानात जन्मलेल्यांनी उघडलं.

ही मंडळी शिकायला तिकडे, नोकरीला इकडे, आणि जाताना चेंडू काखेत. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला तो गोऱ्या हौशी मंडळींनीच, आणि पहिला जिंकला वूस्टरशायर रेजिमेंटने. आपल्या माणसांच्या हाती तो यायला १९३७ उजाडलं, बंगलोर मुस्लिम्सनी आणला. तेव्हा सारा आणि चेंडू एकाच बोटीतून आले म्हणा.

---

विदा मागणारी

वाचनखूण साठवली. पण संपला कसा यावर माझं उत्तर तयार आहे, तुमचं आधी ऐकायला हवं होतं तरी लिहितेच. इतिहासात सगळीकडे हेच येतं: उत्तरेकडच्या गिरण्यांच्या गावांत फुटबॉल पोचला, कामगार पैसे घेऊन खेळू लागले, आणि हौशी साहेबांची सद्दी संपली. १८८३ च्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने इटोनियन्सना २-१ हरवलं. त्यांच्या संघात विणकर, गिरणीतले हात. सामन्याआधी ब्लॅकपूलला समुद्रकाठी नेऊन सराव करवला होता. १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं. त्यानंतर एकही हौशी क्लब तो चषक जिंकू शकलेला नाही. वॉन्डरर्स याच लाटेत वाहून गेला. यात गूढ काय आहे?

---

जुनी कात्रणं

@विदा मागणारी, तारखा जुळवून बघा. गूढ तिथेच आहे.

वॉन्डरर्सने तिसरा लागोपाठ चषक घेतला मार्च १८७८ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात, पुढच्या स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत, ओल्ड इटोनियन्सनी त्यांना ७-२ असं धुतलं. गतविजेत्यांना, आणि पहिल्या फेरीत! पुढच्या हंगामातही इटोनियन्सनीच बाहेर काढलं. १८८०-८१ ला पहिल्या फेरीत नाव होतं, संघ उभा राहिला नाही, सामना सोडून दिला. १८८१-८२ ला पुन्हा तेच, या खेपेला समोर सेंट बार्थोलोम्यूज इस्पितळाची पोरं. त्यानंतर नाताळच्या सुमारास हॅरो शाळेशी वर्षातून एक सामना, आणि थोड्याच वर्षांत तोही नाही.

म्हणजे ऑलिम्पिकचे विणकर ओव्हलवर आले तेव्हा वॉन्डरर्सचं तेरावंही उरकलं होतं. गिरणीकामगारांनी हरवले ते इटोनियन्स. वॉन्डरर्सची कामगारांच्या संघाशी चषकात धड गाठच पडली नाही.

मग मारलं कुणी? इटोनियन्स, हॅरोव्हियन्स, कार्थुजियन्स (इटन, हॅरो नि चार्टरहाउस शाळांचे) या माजी विद्यार्थ्यांच्या क्लबांनी. १८७० च्या आसपास ही शाळावाली मंडळी लंडनला आली की त्यांना बरा फुटबॉल खेळायला एकच पत्ता होता, वॉन्डरर्स. आल्कॉकने चषक काढला आणि बघता बघता चित्र बदललं. आता जिंकायला काहीतरी होतं, वर्तमानपत्रात नाव येत होतं. मग इटनवाल्याला वाटलं, दुसऱ्याच्या अंगरख्यात का जिंकावं, आपल्या शाळेच्या का नाही? चार्टरहाउसवाल्यांनी १८७६ मध्ये स्वतःचा क्लब काढला आणि १८८१ मध्ये चषक जिंकून मोकळे. वॉन्डरर्सचा सगळ्यात मोठा गडी किनेअर्ड. तांबडी दाढी, लांब पांढरी विजार, डोक्याला टोपी, अंगावर आला की समोरच्याची भंबेरी. तो १८७८ चा चषक वॉन्डरर्सकडून जिंकला आणि १८७९ चा इटोनियन्सकडून. त्याला गद्दार कुणी म्हटलं नाही, कारण तो मुळातच इटनचा.

वॉन्डरर्सची गोची इथे आहे. तिथला प्रत्येक माणूस आधी दुसऱ्या कशाचा तरी होता. जोवर ते दुसरं काही संघ काढत नव्हतं तोवर ठीक. चषक हा आल्कॉकचा सर्वात मोठा पराक्रम, आणि त्याच चषकाने त्याचा क्लब खाल्ला असं माझं मत आहे.

---

अनुस्वार

किनेअर्डबद्दल एक किस्सा सांगतात. त्याच्या आईने, म्हणे, कुणाकडे तरी काळजी बोलून दाखवली की एक दिवस हा पाय मोडून घरी येणार. समोरचा म्हणाला, काळजी नसावी, मोडला तर तो पाय त्याचा नसेल!

खरं-खोटं देव जाणे. पण १८८२ ला इटोनियन्स जिंकल्यावर हा माणूस ओव्हलच्या पॅव्हिलियनसमोर डोक्यावर उभा राहिला होता. पुढे बँकेचा संचालक आणि तेहतीस वर्षं असोसिएशनचा अध्यक्ष. आपल्याकडे असा अध्यक्ष एखाद्या क्रीडा संघटनेला मिळाला तर मी आजीव वर्गणी भरायला तयार आहे.

१८७७ च्या सामन्यात तो गोलरक्षक होता, तेव्हा चेंडू हातात धरूनच रेषेच्या आत गेला आणि स्वयंगोल झाला, ते लिहायचं राहिलं तुमचं.

---

जुनी कात्रणं

@अनुस्वार, राहिलं नाही, राखून ठेवलं होतं. त्याने नंतर म्हटलं की मी रेषा ओलांडलीच नव्हती, आणि असोसिएशनने तो गोल नोंदीतून चक्क काढून टाकला! निकाल २-० असा फिरवला. शंभरेक वर्षांनी, १९८० च्या दशकात, तो गोल परत धरला गेला. वजनदार माणसाचा शब्द म्हणजे काय ते कळतं.

---

खरा पेठकर

कात्रणंराव, नाद खुळा लिहिलंय. कोल्हापुरातून हजेरी.

तुमचं ते "आधी दुसऱ्या कशाचा तरी" वाचलं आणि गडबडीने लॉगिन केलं. आमच्याकडं फुटबॉलचे संघ म्हंजे तालीम मंडळं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. पोरगं चालायला लागायच्या आधी कुठल्या बाजूचं ते ठरलेलं असतंय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असला की दुपारपास्नं गर्दी. पंच्याहत्तरीचे म्हातारे काठी टेकत येत्यात आणि रेफ्रीच्या सात पिढ्या काढत्यात. संघ हरला तर रात्री जेवण नाही घरात.

आता बाहेरचे खेळाडू येतात, परदेशातलेही आणतात, पैसाही आलाय, ते काही लपलेलं नाही. पण खेळाडू गेला-आला तरी पेठ जाग्यावर असते. एका वर्षी संघ गळपटला तर पुढच्या वर्षी पेठेतलीच पोरं उभी राहतात. तुमच्या वॉन्डरर्सच्या मागं पेठ नव्हती. अकरा जण आले नाहीत म्हणून रडणारं कोण होतं सांगा बघू?

---

जुनी कात्रणं

@खरा पेठकर, जे मी परिच्छेदभर घोळवलं ते तुम्ही एका प्रश्नात उरकलंत. रडणारं कुणीच नव्हतं. एका गोष्टीची भर घालतो. पहिल्या वर्षीच्या पंधरा संघांत मेडनहेड आणि मार्लो होते, थेम्सकाठच्या छोट्या गावांचे. चषक कधी त्यांच्या हाती आला नाही. दोघेही आजतागायत खेळतायत.

---

तळ्यात मळ्यात

इतकं सरळ नसावं. कोरिंथियनचं काय? तो क्लब १८८२ चा, म्हणजे वॉन्डरर्स जिथे संपला तिथे सुरू झालेला. तीच माणसं, त्याच शाळा, तीच विद्यापीठं, पेठबिठ काही नाही. तरी १९३९ पर्यंत टिकला आणि मग कॅज्युअल्सशी विलीन झाला. १९०४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला ११-३ हाणलं, तो युनायटेडचा आजवरचा सर्वात मोठा पराभव म्हणून धरतात. ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये त्यांचा दौरा बघून लोकांनी १९१० ला त्याच नावाचा क्लब काढला, तो आज जगप्रसिद्ध आहे. पेठ नसली की क्लब मरतो हा नियम असेल तर हा कसा जगला?

---

विदा मागणारी

+१. हाच प्रश्न मला पडला. वर कोरिंथियन हे तर हौशीपणाचे शंकराचार्य. समोरच्याला पेनल्टी मिळाली तर यांचा गोलरक्षक खांबाला टेकून उभा राहायचा असं सांगतात, कारण सभ्य माणूस मुद्दाम आगळीक करेलच कसा!

---

जुनी कात्रणं

मुद्दा बिनतोड आहे, आणि त्यानेच माझं म्हणणं जास्त घट्ट होतं असं मला वाटतं.

कोरिंथियनचा संस्थापक लेन जॅक्सन असोसिएशनचाच सहायक सचिव. त्याचं दुखणं वेगळं होतं: स्कॉटलंड दरवर्षी इंग्लंडला मार देतंय, कारण त्यांचे खेळाडू एकत्र खेळतात आणि आपले पंधरा ठिकाणी विखुरलेले. तेव्हा उत्तम हौशी खेळाडूंना अधूनमधून एकत्र खेळवायचं. आणि नियम असा की बक्षिसाच्या कुठल्याही स्पर्धेत उतरायचं नाही. एफए चषकातसुद्धा नाही. तो त्यांनी पहिल्यांदा खेळला १९२२-२३ ला.

आता बघा. कोरिंथियन चषकात नाही, म्हणजे इटोनियन्सशी त्याची स्पर्धाच नाही. शनिवारी चषकात शाळेकडून खेळा, मधल्या वारी कोरिंथियनकडून खेळा, कुणाला निवड करावी लागत नव्हती. वॉन्डरर्सच्या माणसाला मात्र दरवर्षी करावी लागे, कारण चषकाला एकाच क्लबाकडून उतरता यायचं. पहिल्या वर्षी बेट्सला टोपणनाव घ्यावंसं वाटलं ते याच अडचणीतून असावं. गोष्ट पहिल्याच गोलापाशी दिसत होती, फक्त तेव्हा कुणाला ती अडचण वाटली नाही.

म्हणून पेठ हवीच असं मी म्हणत नाही. पेठ तरी हवी, नाहीतर कुणाच्या वाटेत तरी येऊ नये.

---

तळ्यात मळ्यात

हे पटलं. सहमत.

मुंबईचं एक उदाहरण चिकटवतो, हौशी क्लबाचं नाही, अवांतर समजा. महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, कूपरेजवर आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. २०१० ला कंपनीने ठरवलं आणि संघ बंद. मालकाने ठरवलं की संपलं, तिथेही पेठकर म्हणतात तसंच, रडणारे होते पण त्यांना विचारतो कोण.

---

गवती चहा

रात्री वाचायचं म्हणून ठेवलेलं आत्ताच वाचून काढलं, ऑफिसची वाट लागली. एक बाळबोध प्रश्न. तेव्हाचा खेळ दिसायचा कसा? आजच्यासारखाच की काही भलताच?

---

अनुस्वार

@गवती चहा, बराच भलता. खांबांना आडवा दांडा नाही, वर नुसती फीत बांधलेली. गोल झाला की दोन्ही संघांनी बाजू बदलायच्या. आत शिट्टी घेऊन पळणारा पंच नाही, दोन्ही बाजूंचे एकेक अंपायर कडेला, आणि वाद झाला तर आधी कर्णधारांनी आपसात मिटवायचा. बचावाला दोन-तीन जण, उरलेले सगळे पुढे. एक जण चेंडू घेऊन सुटायचा आणि बाकीचे त्याच्या मागे मागे, त्याचा सुटला की आपण उचलायचा. पास देणं हा जरा कमीपणाच, आपल्याला जमत नाही असं कबूल केल्यासारखा. म्हणून इंजिनियर्स नि क्वीन्स पार्कवाले वेगळे वाटायचे.

आणि धक्काबुक्की रीतसर. १८७८ च्या अंतिम सामन्यात वॉन्डरर्सचा गोलरक्षक कर्कपॅट्रिक, हा तर सरदार घराण्यातला, हात मोडला तरी शेवटपर्यंत उभा होता. १८७२ ला इंजिनियर्सचं हाड, १८७८ ला वॉन्डरर्सचं, फिटंफाट झाली.

---

रिकामटेकडा

काडी मागे घेतो, धागा आवडला. पण तो परत दिलेला चषक? इतक्या उदारपणे दिलेला? तो तरी आहे का जाग्यावर, की तोही आपल्या कोहिनूरसारखा कुणाच्या तरी कपाटात?

---

जुनी कात्रणं

@रिकामटेकडा, चोरीला गेला. १८९५ ला ॲस्टन व्हिलाने जिंकला. बर्मिंगहॅममध्ये शिलकॉक नावाच्या बूट नि चेंडूविक्याच्या दुकानात तो काचेत मांडून ठेवला होता, ११ सप्टेंबरच्या रात्री लंपास. आजवर मिळालेला नाही. मग नवा घडवला, आणि १९११ मध्ये तो दुसरा चषक असोसिएशनने भेट दिला कुणाला? किनेअर्डला. म्हणजे आल्कॉकच्या क्लबाने हातचा चषक सोडला, आणि क्लब सोडून गेलेल्याला दुसरा घरपोच मिळाला. 😀

आल्कॉकवर मात्र अन्याय नको. क्लब गेला तरी तो १८९५ पर्यंत असोसिएशनचा सचिव राहिला. १८७२ पासून सरे क्रिकेट क्लबचाही सचिव, १८८० मध्ये इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना ओव्हलला भरवला तोही त्यानेच. या माणसाला स्पर्धा काढता येत होत्या. क्लब सांभाळणं हे वेगळं काम आहे, त्यात रोज कुणाच्या तरी दारात जाऊन "रविवारी येतोस ना?" विचारावं लागतं (त्यांच्याकडे शनिवारी). आमच्या कॉलनीतल्या गणपती मंडळात ते काम करणारा माणूस गेला आणि वर्गणीची वही कपाटात पडली.

---

खरा पेठकर

वर्गणीच्या वहीला +१००.

परत कुणी काढला का ओ तो क्लब? नाव तर मोकळंच पडलं होतं.

---

जुनी कात्रणं

काढला. २००९ मध्ये त्याच नावाने संघ पुन्हा उभा केला, धर्मादाय कामासाठी निधी जमवणारा. २०१२ च्या नोव्हेंबरात ओव्हलवर, १८७२ च्या अंतिम सामन्याची आठवण म्हणून, तोच सामना परत खेळवला. रॉयल इंजिनियर्सनी १४० वर्षांचा हिशोब चुकता केला, ७-१.

फौज अजून आहे, तिच्यात अभियंते अजून भरती होतात, त्यामुळे त्यांच्या संघाला माणसं कमी पडायचा प्रश्नच आला नाही.

---

गवती चहा

मी पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला जाणार आहे. यातलं काही बघायला मिळेल का? लेक म्हणते ओव्हलला सामना दाखवीन, पण तो क्रिकेटचा.

---

जुनी कात्रणं

ओव्हल तर बघाच, तेच ते मैदान, फक्त त्यावर फुटबॉल शोधू नका. स्नेर्सब्रूकच्या आश्रमाची इमारत अजून उभी आहे. मध्ये इस्पितळ झालं होतं, आता लोक घरं करून राहतात, त्यामुळे बाहेरूनच. आणि दक्षिण लंडनमध्ये वेस्ट नॉरवूडची दफनभूमी आहे, तिथे आल्कॉक आहे. थडग्यावर एफए चषक कोरलाय. दुरवस्था झाली होती, १९९९ मध्ये डागडुजी केली. दफनभूमी बरीच मोठी आहे, दारावर विचारून मगच आत जा.

---

गवती चहा

वेस्ट नॉरवूड लेकीच्या बसच्या वाटेवरच आहे म्हणते. जाऊन आले की फोटो टाकते इथेच.